खंदक किती खोल होता

आमच्या सासूबाईंनी चौतीस वर्षं राजाच्या टेकडीपुढचं अंगण झाडलं, पण त्या टेकडीपुढे त्या कधी वाकल्या नाहीत. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. का वाकत नाहीत, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर बत्तीस वर्षं त्यांच्याच स्वयंपाकघरात काढली होती.

त्यांचं नाव नुई. ओसाकाच्या दक्षिणेला, कावाचीच्या मैदानात आमचं गाव. घरची अंजिराची बाग आहे. बागेच्या बांधावर उभं राहिलं की समोर ती टेकडी दिसते. टेकडी म्हणायची एवढंच, एरवी ती माणसांच्याच हातांनी रचलेली. आत दीड हजार वर्षांपूर्वीचा सम्राट निजलाय. भोवती रुंद खंदक, आणि पाण्यापलीकडे असं रान माजलंय की दिवसाही आत अंधार वाटतो. तिकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. दर्शनाला माणसं येतात ती दक्षिणेच्या अंगणात. पांढरी खडी, दोन दगडी दिवे, बंद फाटक. फाटकासमोर कमरेत वाकायचं, पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन वहीवर शिक्का मारून घ्यायचा आणि परत फिरायचं.

त्या खडीतलं गवत उपटायचं, झाडांचा पालापाचोळा वेचायचा आणि खडीवरून दाताळं फिरवून सरळ रेघा काढायच्या, हे सासूबाईंचं, म्हणजे आईंचं काम. आठवड्यातून तीन दिवस. डोक्याला पांढरा रुमाल, गुडघ्याखाली भाताच्या पेंढ्याची गादी. दर्शनाला आलेली माणसं त्यांच्या शेजारी उभी राहून वाकायची, डोळे मिटायची, आणि आई खाली मान घालून गवत उपटत राहायच्या.

किशिगामी नावाचे एक पहारेकरी तिथे बरीच वर्षं होते. त्यांनी एकदा विचारलं होतं, “नुईबाई, राजाशी काही भांडण आहे का तुमचं?”

आई म्हणाल्या, “भांडायला तो बाहेर कुठे येतोय?”

किशिगामी हे सगळ्यांना हसत सांगायचे. मीही हसले होते.

आईंची जीभ तिखट. मी वाकायामाची, संत्र्यांच्या बागांमधली. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच त्यांनी शेजारणीला सांगितलं, “संत्र्याच्या गावची सून आणली, पण गोडवा सगळा तिकडेच ठेवून आली.” कारण काय, तर मी सकाळच्या सूपात खारवलेल्या सोयाबीनचा गोळा कमी घातला होता. पण हातानं त्या उदार होत्या. पहिलं पिकलेलं अंजीर ताटलीत माझ्यापुढे यायचं, बोलणं मात्र असं की, “खा, पक्ष्यांनी टोचलंय, विकायचं नाही.” टोचलेलं कधी नसायचं.

एका गोष्टीत मात्र त्यांची मस्करी संपायची, ती म्हणजे पाणी. खंदकाच्या कुंपणाशी मुलं झिंगे पकडायला जमायची, दोऱ्याला आमिष म्हणून सुकवलेला म्हाकूळ बांधून. आई दाताळं टाकून धावत जायच्या आणि असा आवाज चढवायच्या की मुलं चपला टाकून पळायची. आमच्याकडे नदीत-तळ्यात माणसाला ओढणाऱ्या एका हिरव्या भुताच्या गोष्टी सांगतात, त्याला कप्पा म्हणतात. मुलांनी आईंचं नाव ठेवलं ‘कप्पा आजी’. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. “म्हणू देत,” त्या म्हणाल्या, “कप्पाला घाबरणारं पोर घरी जेवायला जातं.”

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात, मला पाचवा महिना होता तेव्हा, मी खंदकावर शिंगाड्याच्या वेलाची पानं पसरलेली बघत कुंपणाला टेकून उभी होते. मागून आईंनी माझा दंड धरला. बोटांचे वळ चार दिवस राहिले. त्यांनी मला घरापर्यंत ओढत आणलं आणि मग स्वतःच पायरीवर बसून राहिल्या, धापा टाकत. मी रागावले होते. नवऱ्याला, कात्सुहिकोला, मी सांगितलं तर तो म्हणाला, “मलाही लहानपणी असंच करायची. पाण्याचं भय आहे तिला.” तेवढ्यावर विषय मिटला.

घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यात आईंच्या माहेरची, गेलेल्याचं नाव कोरलेली एक छोटी लाकडी पाटी होती. त्यांच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं म्हणून ती आमच्याकडे आली होती. धाकटी बहीण, मित्सुए, वय वर्षं सहा. काय झालं होतं, विचारलं की आई म्हणायच्या, “ताप.” त्या एका शब्दापुढे कुणी गेलं नाही. महायुद्धाच्या दिवसांत कितीतरी पोरं तापानं गेली होती.

पासष्टाव्या वर्षी आईंनी काम सोडलं. मामंजी त्याआधीच गेले होते. त्यानंतर आई बागेत रमल्या आणि टेकडीकडे फिरकल्याही नाहीत. मग त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या असताना, नोव्हेंबरात, गावात पत्रक फिरलं. खंदकाचे काठ ढासळताहेत, ते बांधून काढायचे आहेत, त्यासाठी हिवाळाभर पाणी उतरवणार. मी ते पत्रक जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. आईंनी वाटी खाली ठेवली.

“सगळं उतरवणार?”

“गुडघाभर ठेवतील म्हणे. मासे मरायला नकोत.”

दुसऱ्या दिवसापासून त्या खंदकावर जायला लागल्या. घडीची खुर्ची हातात, गळ्याला मफलर. ईशान्येच्या कोपऱ्यात कुंपणाबाहेर कापराचं एक जुनं झाड आहे, त्याखाली बसायच्या. पाणी रोज बोटभर उतरत होतं आणि काठाचा काळा चिखल उघडा पडत होता. त्या कुणाशी बोलत नसत. कामावरची माणसं आधी त्यांना हटकायची, मग सवय झाली तशी नमस्कार करून पुढे जायची. मी दुपारी भाताचे गोळे आणि थर्मासमधून चहा घेऊन जायचे. थंडीनं त्यांचे ओठ निळे पडलेले असायचे. घरी चला म्हटलं की म्हणायच्या, “तुझी भांडी पडली असतील. तू जा.”

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा एक कामगार छातीपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उतरला होता. हातात मापाची काठी. समोर टेकडीच्या काठापासून तो कापराच्या झाडाच्या रोखानं चालत येत होता. पाणी त्याच्या मांडीपर्यंत. काठावरच्या दगडांवर आणि जुन्या खुंटांवर, पाणी पूर्वी जिथवर असायचं तिथे, एक काळी रेघ उमटलेली दिसत होती. तो खुंटाजवळ आला तेव्हा ती रेघ त्याच्या छातीशी होती.

आई खुर्चीवरून उठल्या. कुंपणाच्या जाळीत त्यांनी दोन्ही हातांची बोटं अडकवली.

“मासायो,” त्या म्हणाल्या, “अकरा वर्षांची मुलगी किती उंच असते?”

मी त्यांच्याकडे बघितलं. मग हातानं दाखवलं, माझ्या खांद्याच्या जरा खाली.

“मी बारीक होते. पण उंच होते,” त्या म्हणाल्या. “चवड्यांवर उभी राहिले असते, तर नाक वर राहिलं असतं.”

मग त्यांनी सांगितलं. तिथेच, खुर्चीवर बसून, चहा हातात गार होईपर्यंत. मी खाली पाचोळ्यावर बसले होते.

लढाईचं शेवटचं वर्ष, जून महिना. घरात रताळ्याचे देठ आणि कोंडा याखेरीज काही नव्हतं. वडिलांचा एक पाय अधू, म्हणून ते लढाईवर गेले नव्हते, घरी दोर वळायचे. टेकडीवरच्या झाडांत बगळ्यांची घरटी होती, अजूनही आहेत. घरट्यांत अंडी असतात हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. पण जायची कुणाची छाती नव्हती, कारण ती राजाची जागा, आणि त्या काळी राजा म्हणजे देव. नुई अकरा वर्षांची होती. तिनं आईचा कपडे धुवायचा लाकडी टब उचलला, एक बांबू घेतला आणि भल्या पहाटे निघाली. मित्सुए मागे लागली. परत पाठवलं तर रडून सगळ्यांना उठवेल, म्हणून तिला बरोबर घेतलं.

जाताना टबातून नीट गेल्या. झाडावर नुई चढली. सात अंडी मिळाली. बॉम्ब पडताना डोक्यावर घ्यायची कापूस भरलेली टोपी मित्सुएकडे होती, ती उलटी करून तिनं त्यात अंडी ठेवली आणि टोपी मांडीवर घेऊन टबात बसली. एक-दोन-तीन करत मोजत होती. सातच्या पुढे अंडी नाहीत, म्हणून पुन्हा एकपासून. परतताना खंदकाच्या मध्यापुढे आल्या आणि विमानांचा भोंगा वाजला.

“तिला शाळेत शिकवलं होतं,” आई म्हणाल्या. “भोंगा वाजला की उठायचं आणि टोपी डोक्यावर घ्यायची. ती उठली.”

टब उलटला. नुईच्या हाताला शिंगाड्याचे वेल लागले. वेल ओढत, ओरबाडत ती काठाला लागली आणि एका खुंटाला मिठी मारून ओरडत राहिली. खंदकाला तळ नाही असं गावात म्हणायचे. तळ नाही म्हटल्यावर पाय टेकवून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. भोंगा वाजत होता, म्हणून घराबाहेर कुणी येत नव्हतं. वडील आले, अधू पाय ओढत, तोवर उन्हं वर आली होती.

मित्सुएला घरी आणलं. शेवटची आंघोळ घालायची म्हणून नुईच्या आईनं विचारलं, “टब कुठाय?” आणि मग तिला कळलं टब कुठे आहे. शेजारच्या घरून टब मागून आणला. “मला ती कधी एक शब्दही बोलली नाही,” आई म्हणाल्या. “मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त तेवढंच विचारलं, टब कुठाय.”

संध्याकाळी पोलीस आला. मेलेल्या मुलीबद्दल त्यानं काही विचारलं नाही. कुंपणाच्या आत कोण गेलं, काय तोडलं, काय आणलं, ते विचारलं. राजाच्या पाण्यात प्रेत पडलं, पाणी विटाळलं, याची जबाबदारी कुणाची, असं म्हणाला. तिसऱ्या दिवशी मित्सुएला अग्नी देऊन आल्यावर वडिलांनी लग्नातला काळा अंगरखा घातला आणि नुईचा हात धरून दक्षिणेच्या अंगणात नेलं. पोलीस मागे उभा होता. वडील खडीवर गुडघे टेकून बसले, अधू पाय वाकत नव्हता तरी वाकवला, आणि कपाळ खडीला लावलं. म्हणाले, माझ्या मुलीमुळे आपलं पाणी खराब झालं, क्षमा करा. नुईची मान पोलिसानं मागून दाबली.

“खडी कपाळात रुतली होती,” आई म्हणाल्या. “घरी येताना बाबांनी रस्त्यात थांबून माझ्या कपाळाचे खडे बोटानं काढले. म्हणाले, विचारलं तर ताप म्हणायचं. मी जन्मभर ताप म्हटलं.”

मी विचारलं, मग तिथेच काम का धरलंत? इतक्या जागा होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझ्या विचारण्याची लाज वाटली.

“दुसरं कुणाचं पोर पाण्यात जाऊ नये म्हणून कुणीतरी तिथे नको का बसायला?”

त्या दिवशी मी त्यांना घरी पोहोचवलं आणि परत खंदकावर गेले. कामाचे मुकादम मुरोता नावाचे होते, पन्नाशीचे, बोलायला सौम्य. नाव-गाव न सांगता मी विचारलं, साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथे पाणी किती असेल? ते म्हणाले, गाळ दर वर्षी साचतो, तेव्हाचा तळ नक्कीच खाली असणार. एका पुरुषाहून जास्त खोल असेलही. मला हायसं वाटलं. मग ते पुढे म्हणाले, पण कोणता महिना ते बघावं लागेल, कारण पूर्वी भातलावणीला हेच पाणी शेतात सोडायचे आणि पातळी बरीच उतरायची. खरं काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

घरी येऊन मी आईंना अर्धंच सांगितलं. गाळाचं सांगितलं. म्हटलं, मुकादम म्हणाले दोन पुरुष खोल होतं, पाय टेकलेच नसते. आई अंथरुणात पडल्या होत्या.

“जूनमध्ये लावणी असते, मासायो,” त्या म्हणाल्या. “बांधावर जन्मले मी. पाणी कधी सोडतात ते मला नको सांगूस.” मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “तुला खोटं बोलता येत नाही. पण बोललीस, ते बरं केलंस.”

त्यानंतर त्या खंदकावर गेल्या नाहीत. नवं वर्ष आलं. मी वाकायामाहून आलेली संत्री सोलून द्यायचे, त्या दोन फोडी खाऊन बाजूला ठेवायच्या. मला टोमणे मारेनाशा झाल्या होत्या, आणि घर अगदी मुकं वाटायला लागलं. खंदकावर त्यांनी सांगितलेलं मी माझ्यापाशीच ठेवलं होतं. सांगायचं तर त्यांनीच सांगावं. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी कात्सुहिकोला हाक मारून समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याहून थोडक्यात.

तो उठला. कात्री घेऊन बागेत गेला. छाटणीचे दिवस होते. दुपारपर्यंत तो एकाच झाडापाशी होता, मी खिडकीतून बघत होते. जेवायला आला, हात धुतले, आईच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “मित्सुएमावशी दिसायला कशी होती?”

सहासष्ट वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.  आई हळूहळू आठवायला लागल्या. पुढचा एक दात पडलेला होता. केस आई कात्रीनं कापायची, ते नेहमी एका बाजूला तिरके व्हायचे. बेडकांना घाबरायची नाही, कोंबड्याला घाबरायची. झोपेत नुईचं कानशील धरून ठेवायची. बोलता बोलता आई रडायला लागल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हासुद्धा नाही. कात्सुहिको उठला नाही. जेवण गार झालं, आम्ही तिघंही तसेच बसून होतो.

एप्रिलमध्ये काठाचं काम संपलं आणि खंदक पुन्हा भरला. बगळे आले. एका रविवारी आई म्हणाल्या, मला दर्शनाच्या जागी न्या. चांगला करडा किमोनो नेसल्या. खडीवरून चालताना सवयीनं त्यांची नजर गवताकडे गेली; एक काडी दिसली, ती त्यांनी वाकून उपटली आणि मुठीत धरली. पहारेकरी आता नवा, तरुण मुलगा होता, तो त्यांना ओळखत नव्हता. आमच्या मागे एक बाई शिक्क्यांची वही घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत उभी होती.

आई फाटकासमोर सरळ उभ्या राहिल्या. पाठीला पोक आलं होतं, तरी होता होईल तेवढ्या सरळ. आणि साध्या बोलायच्या आवाजात म्हणाल्या, “बाबांनी इथे माफी मागितली होती. ती मी परत घ्यायला आलेय. चूक माझी होती, तिची नव्हती. आणि पाणी तिनं खराब केलं नव्हतं.”

त्या वळल्या. मागच्या बाईनं ऐकलं होतं की नाही कोण जाणे, पण तिनं आईंना वाट देताना बरंच खाली वाकून नमस्कार केला. पहारेकरी खिडकीतून बघत होता. कात्सुहिकोनं आईंचा हात धरला आणि आम्ही घरी आलो.

मला वाटलं होतं, यानंतर त्यांचं मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. सकाळी त्या तशाच लवकर उठून एकट्या बसलेल्या दिसायच्या. एकदा म्हणाल्या, “नाक वर राहिलं असतं, गं.” पण टोमणे परत सुरू झाले. सूप पुन्हा अळणी व्हायला लागलं, एवढ्यावर मी समाधान मानलं.

ऑगस्टमध्ये पितर घरी येतात. वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर त्या पहिल्या वेळी दारावर पांढरा कंदील लावायची आमच्याकडे रीत आहे, नव्या माणसाला वाट सापडावी म्हणून. सणाच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाल्या, “मित्सुएला कंदील मिळाला नाही. तेव्हा दिवा दिसू द्यायचा नाही असा हुकूम होता. विमानं यायची ना.”

मी देव्हाऱ्याच्या सामानाच्या दुकानात गेले आणि पांढरा कंदील घेऊन आले. दुकानदारानं हळहळून विचारलं, घरात कोण गेलं? मी नुसती मान हलवली. कात्सुहिकोनं स्टुलावर चढून दारावरच्या खिळ्याला तो अडकवला. आईंनी खालून दोनदा सांगितलं, तिरका आहे, डावीकडे घे. तिन्हीसांजेला वात लावली.

रस्त्यानं पलीकडच्या गल्लीतल्या हानाओका काकू चालल्या होत्या. कंदील बघून थबकल्या, हातातला रुमाल चुरगाळत जवळ आल्या आणि दबल्या आवाजात म्हणाल्या, “अहो नुईबाई, आम्हाला काहीच कळलं नाही. कोण गेलं?”

आई पायरीवर बसल्या होत्या.

“माझी धाकटी बहीण,” त्या म्हणाल्या.

“अगंबाई. केव्हा?”

“सदुसष्ट वर्षं झाली.”

 हानाओका काकूंनी पिशवी खाली ठेवली, कंदिलाकडे तोंड करून हात जोडले आणि आईंना विचारलं, “नाव काय होतं?”

आईंनी नाव सांगितलं.